ऑरलँडो डिस्ने ट्रिप, कचरा कमी कसा करायचा? (सोबत आजी-आजोबा आणि चार पोरं)

झुळूक

मंडळी, शाळा सुटल्या की जूनच्या शेवटी आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला चाललोय. आम्ही दोघं, मुलगी ७ वर्षांची, मुलगा ३ चा, आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. डॅलसहून दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं डायरेक्ट तिकडेच भेटणार. चार दिवस पार्क, एक दिवस पूलवर लोळायचं. डिस्नेच्याच व्हॅल्यू रिसॉर्टमध्ये (म्हणजे त्यांच्या स्वस्तातल्या हॉटेलात) राहणार आहोत.

प्रश्न तिकिटांचा किंवा लायटनिंग लेनचा (पैसे भरून छोट्या रांगेतून जायची सोय) नाहीये, त्यावर लोकांनी ढिगाने लिहिलंय. प्रश्न कचऱ्याचा आहे. मागच्या उन्हाळ्यात इथल्याच एका छोट्या पार्कात गेलो होतो, संध्याकाळी स्ट्रोलरच्या खालच्या बास्केटमध्ये जे साठलं होतं ते बघून कसंतरीच झालं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, चिकट झालेले स्लशीचे कप, रेनकोट म्हणून घेतलेली एक पातळ पिशवी जी काढतानाच फाटली, आणि तासाभरात बंद पडलेलं दिव्यांचं खेळणं. आणि हे एका दिवसाचं, चार माणसांचं! आता दहा माणसं आणि चार दिवस.

तर बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का, स्टीलच्या बाटल्या चालतात का, सासूबाईंना पाणी बाधतं त्यामुळे त्या म्हणतात बाटलीचंच पाणी पाहिजे, जाऊबाईंना सगळ्यांचे सारखे टीशर्ट छापायचेत 'कुलकर्णी गँग' टाइप (आडनाव बदललंय हां), आणि मुलं खेळण्यांच्या गाडीसमोर लोळण घेतात त्याचं काय करायचं ते पण सांगा. नवरा म्हणतो आपण सुट्टीवर चाललोय की स्वच्छता अभियानावर. त्यामुळे झेपेल असंच सांगा, बांबूचे टूथब्रश वगैरे नको.

टांपाकर

झुळूकताई, आम्ही तासा-सव्वातासावर राहतो आणि वार्षिक पास आहेत म्हणून सारखं जाणं होतं. मुद्द्याचं तेवढं सांगतो.

बाहेरचं खाणं आत नेता येतं, डिस्ने त्या बाबतीत चांगलं आहे. अटी अशा की काचेची बरणी नको (बेबी फूडची चालते), गरम करावं लागेल असं काही नको, दारू नको, आणि उग्र वासाचं नको. सुटा बर्फ आणि ड्राय आइस २०१९ पासून बंद केलाय, आइस पॅक चालतात. स्टीलची बाटली चालते पण सिक्युरिटीच्या स्कॅनरमधून जाताना मशीन कुरकुर करतं, त्यामुळे बाटली, छत्री, चष्म्याचं घर बॅगेतून काढून हातात समोर धरून चालायचं. नाहीतर बाजूला घेतात, बॅग उघडतात, मागे रांग तुंबते आणि आजोबा वैतागतात.

पाणी: कुठल्याही क्विक सर्व्हिस काउंटरवर (जिथे उभ्याने ऑर्डर देऊन खाणं घेतात) बर्फाचं पाणी मागा, फुकट मिळतं, काही विकत घ्यायची गरज नाही. हे बऱ्याच लोकांना माहीत असतं. पण ते मिळतं कपात. दहा माणसं चार वेळा गेली की चाळीस कप झाले, म्हणजे पैसे वाचले पण कचरा तेवढाच. त्यापेक्षा बऱ्याच ठिकाणी बाटली भरायचे नळ झालेत, तिथे भरायच्या, आणि काउंटरवरून एक-दोनच कप घेऊन त्यातला बर्फ सगळ्यांच्या बाटल्यांत वाटून टाकायचा. आम्ही हेच करतो.

सासूबाईंच्या पाण्याबद्दल. सेंट्रल फ्लोरिडाच्या पाण्याला जरा वास येतो, जमिनीतल्या पाण्यात गंधक असतं त्याचा. पिण्याजोगं असतं पण पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, आणि माझ्या मते बाटल्यांचा अर्धा खप त्या वासामुळेच होत असणार. फिल्टरवाली बाटली घ्या एक-दोन. नाहीतर कोकम! आमच्या आईने शोधलेला उपाय. आगळ चिमूटभर मीठ घालून छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत न्यायचं आणि प्रत्येक वेळी पाणी भरलं की एक झाकण टाकायचं. वासही जातो आणि त्या उन्हात घाम इतका जातो की मिठाची गरज असतेच. विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर नेता येणार नाही, मोठी बाटली चेक-इनमध्ये घट्ट बांधून टाका.

पाऊस: जून ते सप्टेंबर दुपारी तीन-चारच्या सुमारास धो धो पडतो, तासाभरात परत ऊन. ढग भरून आले की सगळं पब्लिक दुकानात घुसून पाँचो (डोक्यावरून घालायचा पातळ प्लास्टिकचा रेनकोट) घेतं. ज्यांच्याकडे घरचे रेनकोट असतात ते हसत उभे असतात. तुमचे पावसाळी जॅकेट असतीलच, तेच घ्या. आजी-आजोबांना पुण्याहून आणलेली घडीची छत्री.

खमंग_काकडी

उग्र वासाचं नको हे वाचून माझ्या डोळ्यासमोर आमचे काका आले, ते लसणाच्या चटणीशिवाय घराबाहेर पडत नाहीत 😄

खाण्याचं माझ्याकडून घ्या. विमानात कोरडं सगळं चालतं. थेपले, दशम्या, चिवडा, शंकरपाळे, लाडू, भाजलेले शेंगदाणे. लोणचं, चटणी, श्रीखंड मात्र विमानतळाच्या तपासणीवाल्यांच्या लेखी जेलमध्ये (पातळ-चिकट पदार्थांत) मोडतं, हातातल्या बॅगेत असेल तर काढून घेतात. त्यामुळे लोणच्याच्या तेलात मुरलेल्या दशम्या करायच्या, वेगळं लोणचं न्यायची भानगडच नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे डबे. झिपलॉकमध्ये भरू नका, दर दिवशी पाच-सहा पिशव्या जातात आणि दशम्यांचा लगदा होतो तो वेगळाच. स्टीलचे दोन चपटे डबे आणि सुती पंचे. पंचात गुंडाळलेली दशमी दुपारपर्यंत मऊ राहते, पंचा हात पुसायला होतो, उन्हात भिजवून मानेवर टाकायला होतो, आणि रात्री खोलीत धुतला की सकाळपर्यंत वाळतो. न्यू जर्सीवाल्यांना पिशव्यांचं सांगायला नकोच, २०२२ पासून दुकानात पिशव्या बंद झाल्यापासून प्रत्येकाच्या गाडीच्या डिकीत ढीग आहे. त्यातल्या चार घडी करून बॅगेत टाका. फ्लोरिडात अजून ग्रोसरीला गेलं की मोजून दोन वस्तूंना एक पिशवी असं वाटत सुटतात.

आणि खोलीत कागदी प्लेटांचं पाकीट घेऊ नका. प्रत्येकी एक स्टीलची ताटली, एक चमचा, भांड्याचा साबण छोट्या डबीत. व्हॅल्यू रिसॉर्टला खोलीत छोटा फ्रीज असतो पण मायक्रोवेव्ह खाली फूड कोर्टात. दूध-दही-फळं ग्रोसरीतून मागवली तर दहा माणसांचा नाश्ता खोलीत होतो. जेवढं संपेल तेवढंच मागवा, शेवटच्या दिवशी अर्धा गॅलन दूध सिंकमध्ये ओतताना मी भल्याभल्यांना बघितलंय.

रविवारची_दुपार

सगळे सल्ले छान आहेत पण एक कडू गोष्ट बोलू का. दहा माणसं विमानाने जाणार, तुम्ही सहा जण नेवार्कहून ऑरलँडो दीड हजार किलोमीटर, परत तेवढंच, आणि मग आपण पन्नास कप वाचवले म्हणून खूश व्हायचं. थीम पार्क हा प्रकारच उधळपट्टीचा आहे. मॅजिक किंग्डमचा (डिस्ने वर्ल्डमधलं एक पार्क) कचरा जमिनीखालून नळ्यांमधून हवेच्या जोरावर ओढून नेतात, पार्क उघडलं तेव्हापासून म्हणजे १९७१ पासून. त्यामुळे कचऱ्याची गाडी कधी दिसत नाही, डबा कधी वाहत नाही, आणि आपण किती टाकतोय ते आपल्याला कळतच नाही.

नुसतं टोचून बोलणारा नाही मी, पर्याय पण देतो. ऑटो ट्रेन. व्हर्जिनियात लॉर्टनला जायचं, आपली गाडी ते रेल्वेच्या डब्यात चढवतात, आपण प्रवाशांच्या डब्यात, संध्याकाळी निघाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सॅनफर्डला, तिथून ऑरलँडो जवळच. एडिसनहून लॉर्टन चारेक तास. उन्हाळ्यात स्वस्त नाही मिळत हे आधीच सांगतो. पण भाड्याची गाडी नको, १०० मिलीची कटकट नको, कूलर, कार सीट, स्ट्रोलर, आजींचा थर्मास, कोकमाची पूर्ण बाटली, सगळं आपलंच. आणि आजोबांना रेल्वे आवडत असेल तर अर्धी ट्रिप तिथेच वसूल.

झुळूक

@रविवारची_दुपार, विमानाची तिकिटं जानेवारीतच काढून झालीत हो, त्यामुळे आता ते ऐकून फक्त वाईट वाटून घेऊ शकते. पण ऑटो ट्रेन नवऱ्याला दाखवली आणि सासऱ्यांनी मागून ऐकलं, ते रेल्वेतून रिटायर झालेत, आता गाडी कशी चढवतात त्याचे व्हिडिओ बघत बसलेत. पुढच्या वेळी सुटका नाही.

कोकमाचं भारी आहे. सासूबाई लगेच म्हणाल्या मग चालेल मला नळाचं. इतके दिवस मी फिल्टरच्या जाहिराती दाखवत होते 😐

टीशर्ट आणि खेळण्यांचं कोणीच बोललं नाही अजून.

आगाऊ_आत्या

टीशर्टचं मी बोलते कारण आमच्या घरात अशा छापील टीशर्टची एक पूर्ण खणभर रास आहे. लग्नाची पंचविशी, गोवा, कझिन्स रियुनियन. एकदा घातले की परत कोण घालतं, पाठीवर 'वरिष्ठ व्यवस्थापक' लिहिलेला टीशर्ट घालून भाजी आणायला कोणी जात नाही. जाऊबाईंना सांग की सगळ्यांनी एकाच रंगाचे साधे टीशर्ट घालूया, बहुतेकांकडे पिवळा किंवा निळा असतोच, फोटो तसाच येतो आणि गर्दीत पोरं पण पटकन दिसतात. जास्तच हौस असेल तर कापडी बिल्ला शिवून सेफ्टी पिनने लावा. नाराज होतील थोड्या, होऊ दे.

खेळण्यांसाठी आमची युक्ती: रात्री फायरवर्क्सच्या आधी अंधार पडला की दिव्यांच्या कांड्या, बबल वाँड वगैरे घेऊन गाड्या फिरायला लागतात, पोरं तेव्हा दमलेली असतात आणि आई-बाप पण, त्यामुळे तिथेच पाकीट सुटतं. आम्ही डॉलर स्टोअरमधून ग्लो स्टिकचं पाकीट आधीच नेतो आणि बरोबर त्या वेळेला बॅगेतून काढतो. काम फत्ते.

टांपाकर

आत्या, ग्लो स्टिक पण कचराच की. एक रात्र चमकते, दुसऱ्या दिवशी सरळ डब्यात, आत काचेची नळी आणि केमिकल असल्यामुळे रिसायकल पण होत नाही. पैसे वाचतात मान्य, पण धागा कचऱ्याचा आहे.

आगाऊ_आत्या

अरे बाबा तीन वर्षांचं पोर नऊ वाजता भोकाड पसरतं तेव्हा तू तिथे नसतोस. असो. मग चार्जिंगचे छोटे टॉर्च ने, किंवा घरात दिवाळीच्या बॅटरीवर चालणाऱ्या पणत्या असतात त्या. पोरांना फक्त हातात काहीतरी चमकणारं पाहिजे असतं, त्यावर मिकी आहे का याची त्यांना त्या वेळी पडलेली नसते.

सात वर्षांच्या मुलीला मात्र हे चालणार नाही, तिला बरोबर कळतं. तिला पहिल्याच दिवशी एक ठराविक रक्कम देऊन टाकायची आणि सांगायचं हे तुझे, शेवटच्या दिवशी घ्यायचं. आमच्या पुतणीने चार दिवस दुकानं पालथी घालून शेवटी एकच गोष्ट घेतली, आणि ती अजून वापरते.

ठिपक्यांची_रांगोळी

मी कॉलेजला असताना एक सेमिस्टर डिस्नेच्या विद्यार्थ्यांसाठीच्या प्रोग्रॅमवर तिथे कामाला होते, क्विक सर्व्हिसला, त्यामुळे काउंटरच्या आतून बघितलेलं सांगते.

सगळ्यात जास्त वाया जातं ते अन्न, बाटल्या-कप नंतर. लोक अंदाजच घेत नाहीत. पोर्शन मोठे असतात, भूक उन्हाने मेलेली असते, तरी माणशी एक मील घेतात आणि मग ट्रे तसेच. मुलांचे चिकन टेंडर संपतात, फ्राइज अर्धे उरतात, सोबतचं फळ हात न लावता जातं. रिफिलच्या वेळी ट्रे रॅकवर मी पूर्ण पाकीटबंद सफरचंदाच्या फोडी बघितल्यात, कधी कधी एकाच ट्रेवर तीन. सॉसच्या पुड्यांचं तर विचारू नका, मूठभर उचलायच्या आणि दोन वापरायच्या, बाकी ट्रेबरोबर डब्यात, कारण एकदा टेबलावर गेलेलं परत घेत नाहीत.

त्यामुळे आधी पाच जणांत तीन मील घ्या. कमी पडलं तर ॲपवरून अजून एक मागवता येतं, दहा मिनिटांचा प्रश्न असतो. क्विक सर्व्हिसला मोठ्यांनी किड्स मील घेतलं तर कोणी काही म्हणत नाही, आजी-आजोबांना तेवढंच पुरतं. आणि पाकीटबंद फळ, चिप्स उरलं तर लगेच स्वतःच्या बॅगेत टाकायचं, चार वाजता तेच लागतं.

व्हेज असाल तर ऑर्डर करताना नीट विचारा. चुकीचं आलं तर बदलून देतात पण पहिलं सरळ फेकलं जातं.

अजून एक, ॲनिमल किंग्डममध्ये पेयांच्या कपांना झाकणं देत नाहीत, स्ट्रॉ पण कागदीच, आणि फुगे विकत नाहीत, सगळं प्राण्यांच्या जिवाला धोका म्हणून. त्या दिवशी तीन वर्षांच्या मुलासाठी घरचा झाकणवाला कप नक्की घ्या नाहीतर सगळा ज्यूस त्याच्या शर्टावर. बाकीच्या पार्कातही प्लास्टिक स्ट्रॉ आता नाहीत, कागदी मिळतात आणि मागितल्यावर. ज्याला कागदी आवडत नाहीत त्याने स्टीलची घरून आणावी, लहान मुलांना चालताना नको फक्त.

पॉपकॉर्नचा डबा घेणार असाल तर सगळ्यांत मिळून एकच घ्या. ट्रिपभर त्यात कमी पैशात भरून देतात. रिसॉर्टमध्ये विकतात तो पेय परत परत भरून घ्यायचा मग (मोठा कप) मात्र फक्त रिसॉर्टमध्ये चालतो, पार्कात नाही, आणि तुम्ही दिवसभर पार्कात असणार, त्यामुळे माझ्या मते तो घेऊच नका. सकाळच्या चहासाठी घरचे मग न्या.

पनवेलचा_पक्षी

इकडून वाचतोय. तुमचं बरंय, बाहेरचं खाणं आत नेता येतं. आमच्याकडे खोपोलीजवळ इमॅजिकात नेऊ देत नाहीत, इथल्या बहुतेक पार्कांचा तोच नियम. त्यामुळे डबा-दशमीचा सल्ला बाद. आम्ही सकाळी गाडीतच भरपेट खाऊन घेतो आणि परत येताना फूड मॉलला थांबतो, मधे एकदाच काहीतरी.

पण इथला खरा कचरा म्हणजे वॉटर पार्कचे कपडे. सुती कपड्यात पाण्यात जाऊ देत नाहीत, नायलॉनचंच पाहिजे, आणि हे निम्म्या लोकांना गेटवर कळतं. मग तिथे मिळेल ते घ्यायचं, आजोबांना फुलाफुलांची चड्डी, साइज बसो न बसो, आणि घरी आलं की पोतेऱ्यात. शिवाय मोबाइलची गळ्यात अडकवायची प्लास्टिक पिशवी दर वेळी नवीन. आमच्या सोसायटीत आता ग्रुपवर टाकतात, कोणाकडे ८ वर्षांच्या मुलाचा कॉस्च्युम आहे का, शनिवारी पाहिजे. मस्त चालतं. तुमच्या एडिसनमध्ये तर मराठी माणसं भरपूर, डिस्नेचे मुकुट, मिकीचे कान, राजकन्येचे झगे असेच फिरवा की घराघरातून.

झुळूक

पनवेलचा पक्षी, हे कसं सुचलं नाही मला! आत्ताच आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि अर्ध्या तासात तीन एल्साचे झगे, मिकीचे कान सात आणि दोन जुने मॅजिक बँड (तिकीट आणि खोलीची किल्ली म्हणून चालणारे मनगटी पट्टे) मिळाले. जुने बँड चालतात ना अजून?

टांपाकर

चालतात. पण ज्याचे त्यालाच, एकदा एकाच्या अकाउंटला जोडलेला बँड दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, त्यामुळे हे नुसते हातात मिरवायला. पूर्वी रिसॉर्टच्या पाहुण्यांना फुकट यायचे, २०२१ पासून बंद केले, त्यामुळे लोकांच्या ड्रॉवरमध्ये ढीग पडलेत. तसा फोनवर पण पास येतो, बँड नसला तरी अडत नाही.

ठिपक्यांची_रांगोळी

मुलाच्या डायपरचं राहिलं. प्रत्येक पार्कात बेबी केअर सेंटर आहे, तिथे एसी, मोठे बदलायचे टेबल, मायक्रोवेव्ह सगळं असतं. दिवसा तो वापरत नसेल तर 'रांगेत लागली तर' म्हणून उगाच घालू नकोस. रांगेत लागली तर कर्मचाऱ्यांना सांगायचं, बहुतेक वेळा एकाला मुलाबरोबर बाहेर जाऊन परत येऊ देतात. एक जास्तीची चड्डी-पँट आणि ओले कपडे टाकायला जुनी श्रीखंडाच्या डब्याएवढी घट्ट झाकणाची डबी. वास बाहेर येत नाही.

झुळूक

जाऊबाईंशी बोलले. छापील टीशर्ट रद्द, सगळे पिवळे. पण त्यांनी बदल्यात अट घातलीये की कापडी बिल्ले मी शिवायचे, दहा. कोणाकडे मिकीच्या कानांचा साधा कागदी साचा असेल तर टाका इथे.